बोट बदलताना मालाची राखण : बेळगावातील एका फॉरवर्डिंग सेवेचे परीक्षण

उद्यमबागेतील एका फॉरवर्डिंग (निर्यातदारांच्या वतीने माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या) फर्मने निर्यातदारांसाठी मालसंरक्षणाची स्वतंत्र सेवा सुरू केली असून आमच्या फौंड्रीचे कंटेनर आता याच सेवेखाली जातात. भर पावसात भरलेली खेप, उन्हाळ्यातली खेप, वेळेवर पोहोचलेली आणि वाटेत रखडलेली, असे सगळे प्रकार पाहून झाल्यावर हे लिहीत आहे. सेवेत रिकामा कंटेनर तपासून स्टफिंगवर, म्हणजे माल भरण्यावर, देखरेख करणे, ओल आणि गंजापासून बचाव करणे, कंटेनरमध्ये नोंदयंत्र ठेवून वाटेत लक्ष ठेवणे आणि विम्याचे व क्लेमचे काम पाहणे एवढ्या गोष्टी येतात. माझे मत आधीच सांगतो. पहिल्या दोन कामांसाठी ही सेवा जरूर घ्यावी. तिसऱ्या कामाचा, म्हणजे मोबाइलवर दिसणाऱ्या नकाशाचा, उपयोग आहे. पण फर्म ज्या उत्साहाने तोच भाग गिऱ्हाइकापुढे ठेवते, तेवढा तो मोठा नाही. चौथ्या कामात मात्र कागद स्वतः ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करू नये.

बेळगावच्या माणसाला ही सेवा लागते कशासाठी, हे थोडे सांगायला हवे. आमचा माल म्हणजे पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्सची मशिनिंग झालेली कास्टिंग. हा माल ट्रेलरवर चढून तवंदी घाट उतरतो आणि निपाणी, कोल्हापूर, सातारा करत न्हावा शेवाला जातो. तिथून जगातल्या मोठ्या बंदरांना थेट बोटी आहेत. परंतु गिऱ्हाईक लहान बंदरापाशी असेल, तर कंटेनर आधी एखाद्या हबवर, म्हणजे बोट बदलण्याच्या मोठ्या बंदरावर, उतरतो, तिथल्या यार्डात पडून राहतो आणि दुसऱ्या बोटीवर चढतो. मुरगाव बंदर आपल्याला जवळचे असले, तरी तिथून निघणाऱ्या कंटेनरलाही बहुधा फीडर बोटीने, म्हणजे हबपर्यंत माल नेणाऱ्या लहान बोटीनेच हब गाठावे लागते. केंद्र सरकारनेच वारंवार सांगितलेली आकडेवारी अशी की, भारताच्या ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत बोट बदलणाऱ्या, मालापैकी सुमारे 75 टक्के माल देशाबाहेरच्या बंदरांत हाताळला जातो आणि त्यातला 85 टक्क्यांहून अधिक कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लांग या तीन ठिकाणी. केरळातील विळिंजमचे बंदर 2 मे 2025 रोजी रीतसर सुरू झाल्यापासून हे चित्र बदलण्याची आशा आहे; पण हब देशात असो की परदेशात, बोट बदलताना मालाला होणारा त्रास सारखाच असतो.

थेट प्रवासात कंटेनर एकदा बोटीवर चढतो आणि एकदा उतरतो. हबवर तो आणखी एकदा उतरतो, थप्पीत रचला जातो, खालचा कंटेनर काढायचा असला की बाजूला हलवला जातो आणि पुन्हा चढवला जातो. प्रत्येक उचलीत हिसका बसण्याची, थप्पीवर आदळण्याची, शेजारच्या कंटेनरचा कोपरा लागून पत्रा फाटण्याची शक्यता असते. या सगळ्या काळात आपला कोणीही माणूस तिथे नसतो. बंदराचे कर्मचारी बाहेरून सील पाहतात, आत पाहत नाहीत, आणि पाहूही नये. परिणामी महिन्या-दीड महिन्याने गिऱ्हाईक दार उघडते, पेटी फुटलेली दिसते आणि हे नुकसान तवंदीच्या वळणावर झाले, समुद्रात झाले की हबच्या यार्डात, हे कोणालाच सांगता येत नाही. बोटवाला हबकडे बोट दाखवतो, विमा कंपनी पॅकिंगकडे, आणि गिऱ्हाईक डेबिट नोट (रक्कम वजा केल्याचे पत्र) पाठवून मोकळे होते.

यावर काही जण एल.सी.मध्ये, म्हणजे बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात, ‘ट्रान्सशिपमेंटला मनाई’ अशी अट घालून घेतात आणि निश्चिंत होतात. त्या निश्चिंतीला आधार नाही. 1 जुलै 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या बँकिंग नियमांच्या कलम 20 नुसार माल कंटेनरमध्ये असेल आणि संपूर्ण प्रवास एकाच बी.एल.खाली (बोटवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीखाली) असेल, तर एल.सी.त मनाई असूनही बँक ट्रान्सशिपमेंट दाखवणारे बी.एल. स्वीकारते. थेट बोटच हवी असेल, तर या फर्मप्रमाणे बुकिंगच्या वेळीच सेवेचा मार्ग लेखी मागून घ्यावा लागतो. हे काम ती नीट करते आणि थेट बोट उपलब्ध असेल तर भाडे थोडे जास्त असूनही तीच सुचवते, ही मला त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण वाटली.

आता मुख्य कामाविषयी. रिकामा कंटेनर आमच्या दारात आला की फर्मचा पर्यवेक्षक आधी स्वतः आत जातो, दोन्ही दारे बाहेरून बंद करायला सांगतो आणि अंधारात उभा राहून छपराकडे, कोपऱ्यांकडे आणि दाराच्या रबराकडे पाहतो. सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी तिथून उजेडाची रेघ येते. एकदा छपराच्या मागच्या कोपऱ्यात, जुन्या पॅचच्या कडेला, अशी बारीक रेघ दिसली. ट्रेलरवाला घाई करत होता, पाऊस लागला होता आणि आमचा मुकादमही ‘वरून टेप मारू’ म्हणत होता. पर्यवेक्षकाने कंटेनर परत पाठवला आणि दुसरा येईपर्यंतचा खोळंबा सोसायला लावला. त्या दिवशी त्याचा रागच आला होता, पण यार्डात छपराखाली नव्हे तर उघड्यावर, पावसाळी हबमध्ये तो डबा किती दिवस राहणार हे कोणालाच ठाऊक नसते, या त्याच्या म्हणण्याला उत्तर नव्हते. त्यानंतर तो जमिनीच्या प्लायवूडवर हात फिरवून ओल पाहतो, आधीच्या मालाचा तेलाचा किंवा रसायनाचा वास येतो का ते बघतो आणि दाराचे चारही दांडे लावून-काढून पाहतो. या सगळ्याचे फोटो तारीख-वेळेसह घेतले जातात.

स्टफिंगमध्ये कास्टिंगच्या मालाची अडचण अशी की वीस फुटी कंटेनरची जागा भरण्याच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा गाठली जाते. त्यामुळे पेट्यांमध्ये आणि भिंतींपाशी मोकळी जागा उरते, आणि हीच मोकळी जागा पेट्या फोडते. कंटेनर भरण्याबाबतच्या 2014 च्या आंतरराष्ट्रीय सीटीयू संहितेनुसार खवळलेल्या समुद्रात बोट डोलते तेव्हा मालावर आडव्या दिशेने त्याच्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत जोर येऊ शकतो, असे धरून बांधणी करावी लागते. एक टनाच्या पेटीला आठशे किलोचा धक्का आडवा बसणार, हे डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे दोन-चार खिळ्यांनी ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. फर्मची माणसे वजन जमिनीवर लांबीभर पसरवतात, पेट्यांमधल्या फटी डनेजने (मधे घालायच्या भरावाने) घट्ट भरतात, पॉलिएस्टरच्या पट्ट्यांनी जमिनीच्या कड्यांना लॅशिंग, म्हणजे घट्ट बांधणी, करतात आणि शेवटची रांग दाराच्या बाजूला आडवे लाकूड देऊन अडवतात. हे लाकूड नसेल तर हबवरच्या उचलीत माल दारावर येतो, आणि दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर पेटी येऊ शकते. आमच्या हमालांना पूर्वी हे काम वेळखाऊ वाटायचे. आता तेच नव्या पोरांना फट दाखवून ‘इथं भर’ म्हणतात.

ओलीच्या बाबतीत ही फर्म मला सर्वांत जाणकार वाटली. बेळगावात जून ते ऑगस्ट या काळात स्टफिंग करणे म्हणजे आपल्याच हाताने दमट हवा डब्यात कोंडणे होय. आतली हवा 30 अंशांची असून तिच्यातली आर्द्रता 80 टक्के असेल, तर पत्रा साधारण 26 अंशांपर्यंत थंड झाला की त्यावर पाणी सुटू लागते. हबच्या यार्डात वरच्या थप्पीतला डबा दिवसा तापतो, रात्री थंड होतो आणि छपराला सुटलेले पाणी थेंबाथेंबाने मालावर पडते. बोट चुकून मुक्काम वाढला की हा खेळ रोज चालू राहतो. ओल फक्त हवेतून येते असेही नाही. ती लाकडातून अधिक येते. निर्यातीच्या पॅलेटवर आयएसपीएम 15 चा शिक्का असतो, पण त्याचा अर्थ सहसा लाकडाच्या गाभ्याला 30 मिनिटे 56 अंश उष्णता दिली, एवढाच. कीड मारण्यासाठीची ती प्रक्रिया आहे, लाकूड वाळवण्याची नव्हे. शिक्क्याचे पॅलेट पावसात भिजत पडले तर ते शिक्क्यासह ओलेच राहते. फर्मचा माणूस प्रत्येक रांगेतल्या काही पॅलेटना ओल मोजणाऱ्या यंत्राच्या दोन सुया टोचतो आणि 18 टक्क्यांवर आकडा गेला की ते बाजूला काढतो. आमच्या पॅलेटवाल्याने या एका सवयीमुळे शेवटी शेड बांधली.

गंजरोधक व्हीसीआय पिशव्या पुष्कळ जण वापरतात आणि तरी गंज येतो अशी तक्रार करतात. पिशवीतून सुटणारी वाफ धातूच्या पृष्ठभागावर थर धरते, त्यामुळे पृष्ठभाग आधी स्वच्छ हवा आणि पिशवीचे तोंड बंद हवे. मशिनिंग झालेल्या फेसवर कूलंटचा ओघळ किंवा घामेजल्या बोटाचा ठसा राहिला, तर पिशवीच्या आत नेमक्या त्या ठशाच्या आकाराचा गंज उमटतो. पाचही बोटे मोजता येतील इतका स्पष्ट. म्हणून पॅकिंगच्या टेबलावर हातमोजे सक्तीचे करण्यास त्यांनी सांगितले आणि ते योग्यच आहे. ओल शोषणाऱ्या डेसिकंटमध्ये ते कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पट्ट्या वापरतात, ज्या कंटेनरच्या भिंतीच्या खाचांत टांगता येतात. सिलिका जेलपेक्षा त्या कितीतरी जास्त पाणी धरतात. पण स्वस्त पट्टी फुटली तर तिच्यातून गळणारे खारे पाणी लोखंडाला साध्या पाण्याहून वाईट. त्यामुळे आत जेल होणारीच पट्टी घ्यावी आणि ती कधीही पेटीच्या वर टांगू नये, हे त्यांनी मुकादमाला कंटेनरमध्ये उभे करून दाखवले. हीच काळजी गूळ किंवा काजू पाठवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. फक्त त्यांना व्हीसीआय चालणार नाही आणि वासाची तपासणी अधिक कडक लागेल.

नोंदयंत्राबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. तळहाताएवढे हे यंत्र तापमान, आर्द्रता, धक्का आणि दार उघडल्याचा उजेड नोंदवते. मोबाइलची रेंज असेल तेव्हाच ते माहिती पाठवते. भर समुद्रात आणि थप्पीच्या मधल्या डब्यात ते गप्प असते आणि साठवलेली नोंद नंतर पाठवते. म्हणजे हबवर माल आपटला हे आपल्याला बऱ्याचदा बोट सुटल्यावर कळते. तेव्हा कोणी धावत जाऊन काही करू शकत नाही. मग उपयोग काय? पुराव्याचा. आमच्या एका खेपेत हबच्या यार्डात मुक्काम असतानाच्या तारखेला जोरदार उभा धक्का नोंदला गेला. पोहोचल्यावर एका पेटीचा तळ मोडलेला आणि आतल्या बॉडीची कड तुटलेली निघाली. स्टफिंगचे फोटो आणि धक्क्याची ही नोंद एकत्र ठेवल्यावर पॅकिंग कच्चे होते हा मुद्दा नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला धरून ठेवता आला नाही आणि क्लेम मिळाला. फोटो नसते तर नुसत्या आलेखाने काम झाले नसते, असे माझे मत आहे. एका दुसऱ्या खेपेत मात्र बॅटरी प्रवास संपण्याआधीच संपली. लांब वळशाच्या मार्गासाठी मोठ्या बॅटरीचे यंत्र आपणहून द्यायला हवे होते.

लांब वळसा हा आता अपवाद राहिलेला नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, वेळापत्रके कोलमडली आणि 2024 मध्ये सिंगापूरसारख्या बंदरातही कंटेनरांचा खच पडला. अशा वेळी आपला डबा ठरलेल्या बोटीवर न चढता पुढच्या बोटीवर ढकलला जातो, म्हणजे रोलओव्हर होतो. आमचाही एक डबा असा रखडला. शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर जुनीच तारीख दिसत होती. फर्मने मात्र हबवरच्या आपल्या एजंटकडून खरी स्थिती काढून गिऱ्हाइकाला द्यायचे पत्र तयार करून दिले. हे कौतुकाचे. पण ही बातमी त्यांच्याकडे शनिवारी आली आणि आम्हाला सोमवारी दुपारी कळली. संरक्षणाच्या नावाने पैसे घेणाऱ्या सेवेत सुट्टीच्या दिवशीही फोन करणारे कोणीतरी असलेच पाहिजे.

फीडर बोटीचा टप्पा लहान म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही, हे 25 मे 2025 रोजी केरळच्या किनाऱ्यापुढे बुडालेल्या एमएससी एल्सा 3 ने दाखवले आहे. विळिंजमहून कोचीला, म्हणजे अगदी जवळच्या पल्ल्यावर निघालेल्या त्या बोटीवर 640 कंटेनर होते.

विम्याकडे येतो. फर्मने पहिल्यांदा पुढे केलेला विमा सर्वांत स्वस्त, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’ प्रकारचा होता. त्यात आग, बोट बुडणे, टक्कर अशी मोठी संकटे येतात. चोरी, उचलताना पडणे, डब्यात पाणी शिरणे येत नाही. ट्रान्सशिपमेंटमध्ये नेमके हेच घडते. संरक्षण सेवेबरोबर हा विमा देणे मला मुळीच पटले नाही आणि तसे त्यांना लेखी कळवले. ठरावीक बाबी वगळता सर्व नुकसान धरणारा ‘ए’ प्रकार मागितल्यावर त्यांनी तो करून दिला, हप्त्यात फरकही फार पडला नाही. इन्कोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटींनुसार सीआयएफ (समुद्रमार्गे, भाडे व विमा विक्रेत्याकडे) सौद्यात विक्रेत्याने किमान ‘सी’ आणि सीआयपी (कोणत्याही मार्गे, तसेच) सौद्यात ‘ए’ विमा द्यायचा असतो, म्हणून सीआयएफचे काम करणाऱ्याच्या गळ्यात ‘सी’ आपोआप पडते. जोखीम न्हावा शेवालाच गिऱ्हाइकाकडे गेली असे कागद म्हणतो. पण पैसे उधारीवर असतील तर नुकसान शेवटी आपल्याच खात्यातून वजा होते.

‘ए’ विमा ट्रान्सशिपमेंटमध्ये आणि आपल्या हाताबाहेरच्या विलंबात चालू राहतो. मात्र विलंबामुळे झालेले नुकसान आणि अपुऱ्या पॅकिंगचे नुकसान त्यातून वगळलेले आहे. वॉर क्लॉजची, म्हणजे युद्धाच्या जोखमीच्या विम्याची, एक अट फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या बोटीसाठी मधल्या बंदरात माल उतरला, तर बोट आल्याच्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून 15 दिवसांनी ते संरक्षण थांबते आणि माल पुढच्या बोटीवर चढल्यावरच पुन्हा सुरू होते. रोलओव्हरच्या काळात 15 दिवस सहज उलटतात. ही अट फर्मच्या माणसाने न विचारता समजावून सांगितली, हे नमूद करायला हवे. त्याचबरोबर बी.एल.वर ‘एक कंटेनर’ एवढेच न लिहिता पेट्यांची संख्या लिहून घेण्याचा त्यांचा आग्रह असतो, कारण सागरी मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत बोटवाल्याची जबाबदारी प्रति नग 666.67 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा प्रति किलो 2 एसडीआर, यांपैकी जास्त असेल तितकीच असते, आणि नग किती ते बी.एल.वरून ठरते. न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यावी लागते, म्हणून गिऱ्हाइकासाठी दार उघडतानाच्या फोटोंचा आणि पत्राचा नमुनाही ते खेपेबरोबर पाठवतात.

सीलबाबत फार सांगण्यासारखे नाही. 2017 पासून सुरू झालेल्या, रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या आरएफआयडी सीलखेरीज ते आयएसओ 17712 चे ‘एच’ (उच्च सुरक्षा) खूण असलेले बोल्ट सील लावतात आणि सीलचा क्रमांक, बी.एल.वरचा क्रमांक आणि फोटो जुळवून पाहतात. एक अंक चुकला तरी हबवर डबा अडू शकतो, म्हणून ही जुळणी गेट सोडण्याआधीच होते.

एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत सुटी पेटी पाठवणाऱ्यांना या सेवेचा लाभ अर्धाच मिळेल. हबवर असे डबे उघडून माल पुन्हा दुसऱ्या डब्यात भरला जाऊ शकतो, आणि तिथे आपले लॅशिंग, आपले डेसिकंट, आपले सील यांतले काहीच टिकत नाही. अशांनी पेटीच मजबूत करावी, तिच्या आत धक्का दाखवणारे लेबल लावावे आणि शक्य असेल तेव्हा दोघा-तिघांनी मिळून पूर्ण कंटेनर घ्यावा. मच्छे आणि उद्यमबागेतले काही कारखानदार तसे करतातही.

खर्चाचे सांगायचे तर कास्टिंगच्या भरलेल्या कंटेनरला विम्यासह येणारी रक्कम आमच्या बाबतीत मालाच्या किमतीच्या एका टक्क्याच्या आतच राहते. हबवर सर्व्हेअर पाठवायची वेळ आली तर त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि हे दरपत्रकात अगदी शेवटी बारीक अक्षरात आहे. नवीन येणाऱ्याने सुरुवातीलाच सर्व्हेअरची फी, नोंदयंत्राच्या बॅटरीचे दिवस, विम्याचा प्रकार आणि सुट्टीच्या दिवशी संपर्क करायचा माणूस एवढे लेखी घ्यावे. नकाशा आणि नोंदयंत्र नको असेल तर फक्त तपासणी, स्टफिंग आणि ओलसंरक्षण एवढेच घेण्याची सोय फर्मने विचारल्यावर दिली आहे. न्हावा शेवाहून थेट बोटीने जाणाऱ्या आमच्या खेपांसाठी आम्ही आता तेवढेच घेतो, आणि बोट बदलणाऱ्या खेपांसाठी पूर्ण सेवा.